निवडणूक आयोग शून्यातून उभा करायचा तर: घटनेतल्या ओळीपासून गोडाऊनच्या कुलपापर्यंत

निवडणूक आयोग म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर लांब टेबलामागे बसलेले दोन-तीन साहेब, समोर कॅमेरे आणि तारखा जाहीर होतायत. खरं सांगायचं तर आयोगाच्या कामातला तो सगळ्यात सोपा अर्धा तास. बाकीचं काम गोडाऊनमधे, मतदार यादीत, टेंडरच्या फायलींत आणि रात्री आठ वाजता पार दमलेल्या केंद्राध्यक्षाने भरलेल्या एका साध्या फॉर्ममधे असतं, आणि आयोग खरंच स्वतंत्र आहे की नाही ते पण तिथेच कळतं. घटनेत "स्वतंत्र" लिहायला एक ओळ पुरते. पण आयोगाचा पैसा कोण सोडतं, अधिकाऱ्याची बदली कोण करतं, मतपत्रिका छापायचं कंत्राट कोणाच्या सहीने जातं हे तीन प्रश्न विचारून बघा, ती ओळ किती पक्की आहे ते लगेच समजतं.

तर असा आयोग उभा करायचा आणि चालवायचा म्हणजे कुठल्या क्रमाने काय काय करावं लागतं ते बघू. उदाहरणं मुद्दाम वेगवेगळ्या देशांची घेतलीत, एकाच देशाकडे बघत बसलं तर वाटतं की जगात सगळीकडे असंच असतं, आणि तसं अजिबात नाहीये.

पायरी १: आयोगाने काय करायचं आणि काय नाही करायचं

आधी नावाच्या घोळातून बाहेर या. अमेरिकेत फेडरल इलेक्शन कमिशन आहे पण ते मतदान घेतच नाही, प्रचाराच्या पैशावर लक्ष ठेवतं, मतदान राज्यं आणि काऊंट्या आपापलं घेतात. ब्रिटनचा आयोग मुख्यतः पक्षांची नोंदणी, खर्च आणि देखरेख बघतो, प्रत्यक्ष मतदान स्थानिक पातळीवरचे अधिकारी घेतात. ऑस्ट्रियात गृहमंत्रालय सगळं सांभाळतं, आणि तिथे लोकशाही बुडालीय असं काही नाही. म्हणजे स्वतंत्र आयोग हा एकच मार्ग नाही, पण जिथे सरकारी यंत्रणेवर विरोधी पक्षांचा काडीचा भरवसा नसतो तिथे दुसरा इलाज राहत नाही. कोस्टारिकाचं बघा, १९४८ मधे निवडणुकीच्या निकालावरून यादवी झाली आणि १९४९ च्या घटनेत त्यांनी निवडणूक न्यायाधिकरणाला जवळजवळ सरकारच्या चौथ्या खांबाइतकं वर नेऊन बसवलं. जन्म-मृत्यूची नोंदणीसुद्धा त्याच्याकडे, निवडणुकीच्या काळात पोलीसदलाला सूचना द्यायचा अधिकारही त्याच्याकडे.

मग कामांची यादी करा. मतदार यादी, पक्ष आणि चिन्हं, उमेदवारी अर्ज, मतदान, मोजणी, निकाल, खर्चाचा हिशोब. हे सगळं एका छपराखाली ठेवता येतं. पण मतदारसंघांच्या सीमा आखायचं काम शक्यतो वेगळं ठेवावं असं माझं मत आहे, कारण त्यात कोणीतरी दुखावणारच आणि तो राग मतदानाच्या दिवसापर्यंत टिकतो. भारतात त्यासाठी वेगळा परिसीमन आयोग असतो, आणि महापालिका-ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्यांच्या आयोगांकडे असतात, तो केंद्रातल्या आयोगाचा विषयच नाही (यावरून दरवेळी लोक चुकीच्या आयोगाला शिव्या घालतात).

पायरी २: खुर्च्या किती, बसवणार कोण, उठवणार कोण

कॅनडात एकच मुख्य निवडणूक अधिकारी, १९२० पासून हे पद आहे, आता मुदत दहा वर्षं आणि परत नेमणूक नाही. एकच माणूस असला की निर्णय पटापट होतात पण सगळं त्याच्या पाठीच्या कण्यावर. भारतातही १९५० पासून जवळजवळ चाळीस वर्षं एकच आयुक्त होते. १६ ऑक्टोबर १९८९ ला दोन वाढवले, १ जानेवारी १९९० ला काढून टाकले, मग १ ऑक्टोबर १९९३ पासून परत तीन, तेव्हा टी. एन. शेषन मुख्य आयुक्त होते आणि बाकीचे दोघे त्यांच्या बरोबरीचे का यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं. कोर्ट म्हणालं, हो, बरोबरीचे. आज नियम असा की शक्यतो एकमत, नाही झालं तर बहुमत.

म्हणून संख्या विषम ठेवा, आणि मतभेद झाला तर काय हे आधीच लिहून ठेवा. केनियात २०२२ ला सातपैकी चार आयुक्त निकालाच्या दिवशी बाहेर जाऊन म्हणाले आम्हाला हा निकाल मान्य नाही, आणि अध्यक्षांनी आत निकाल वाचून दाखवला. कल्पना करा काय अवस्था झाली असेल.

नेमणूक कशी करायची याची मला सगळ्यात आवडलेली पद्धत दक्षिण आफ्रिकेची. पाच आयुक्त, त्यातला एक न्यायाधीश असलाच पाहिजे, मुदत सात वर्षं. सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक पॅनल बसतं, त्यात मानवी हक्क आयोगाचा प्रतिनिधी, स्त्री-पुरुष समानता आयोगाचा प्रतिनिधी आणि लोकपालासारखं पद सांभाळणारी व्यक्ती असते. हे पॅनल कमीत कमी आठ नावं संसदेकडे पाठवतं, संसद त्यातून सुचवते, राष्ट्राध्यक्ष सही करतात. म्हणजे सत्ताधाऱ्याला आपला माणूस घुसवायचा असेल तर त्याला तीन दरवाजे ओलांडावे लागतात. याउलट भारतात मार्च २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने नावं सुचवायची, आणि डिसेंबर २०२३ ला जो कायदा झाला त्यात सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आला. तीनात दोन सरकारचे. निवडलेली माणसं चांगली असतीलही, पण हरलेल्या पक्षाला पहिल्याच दिवशी बोट दाखवायला जागा मिळते, आणि आयोगाला तेच परवडत नाही.

आता उठवायचं कसं. काढणं अवघड असलं पाहिजे, एवढं अवघड की कोणी धमकी द्यायचाही विचार करू नये. भारतात मुख्य आयुक्तांना सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला हटवायच्या पद्धतीनेच हटवता येतं, पण बाकी दोघांना मुख्य आयुक्तांच्या शिफारशीवर काढता येतं. ही फट मला खटकते, मतं तिघांची सारखी आणि संरक्षण एकालाच जास्त, हे काही जमत नाही. मुदतीबद्दल मेक्सिकोकडून शिकण्यासारखं आहे, अकरा सदस्य, नऊ वर्षं, आणि सगळे एकदम बदलत नाहीत, टप्प्याटप्प्याने बदलतात, त्यामुळे आधीच्या निवडणुकीत कुठे चुकलं होतं ते माहीत असलेलं कोणीतरी कायम टेबलावर असतं.

पायरी ३: पैसा

हे थोडक्यात पण नीट वाचा. आयोगाचं रोजचं बजेट एक आणि निवडणुकीचं बजेट वेगळं, हे दोन कप्पे करा. कॅनडात निवडणुकीचा खर्च कायद्यानेच थेट सरकारी तिजोरीतून येतो, दरवेळी अर्थमंत्र्याच्या दारात जाऊन उभं राहायला लागत नाही, आणि सरकार अचानक कोसळून मुदतीआधी निवडणूक लागली तरी पैसा तयार असतो. भारतात आयोगाच्या सचिवालयाचा खर्च संसदेत मतदानाला टाकला जातो, आणि तो न्यायाधीशांच्या पगारासारखा थेट संचित निधीवर (म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, संसदेच्या मतदानाशिवाय) टाकावा अशी आयोगाची जुनी मागणी आहे. पैसे कोणी अडवत नाही हे खरं, पण अडवता येतात ही शक्यता उरते ना.

पायरी ४: साहेब आणि फौज

आयुक्तांनी धोरण ठरवायचं आणि सचिवालयाने राबवायचं. ही रेघ पहिल्या दिवशी आखली नाही तर आयुक्त शाईच्या बाटल्यांचं टेंडर बघत बसतात आणि सचिव टीव्हीवर मुलाखती देतात. दक्षिण आफ्रिकेत आयोग स्वतःच एक मुख्य निवडणूक अधिकारी नेमतो आणि कारभार त्याच्याकडे देतो. सचिवालयात निदान एवढे विभाग लागतात: मतदार यादी, लॉजिस्टिक्स आणि खरेदी, ट्रेनिंग, कायदा, आयटी, पक्ष आणि खर्च, आणि लोकांशी बोलणारा विभाग. कायदा विभागात माणसं कमी ठेवायची चूक करू नका, निवडणुकीच्या महिन्यात झोपायला न मिळणारा तोच विभाग.

पण खरा प्रश्न फौजेचा. भारतात २०२४ ला सुमारे ९६.८ कोटी मतदार आणि साडेदहा लाख मतदान केंद्रं होती, आणि आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे मतदान आणि सुरक्षा मिळून दीड कोटी लोक कामाला लागले. एवढी माणसं कायमची पोसणं कुठल्याच देशाला शक्य नाही. मग दोन रस्ते उरतात.

एक म्हणजे सरकारचीच माणसं उसनी घ्यायची. शिक्षक, तलाठी, बँकवाले, सगळे. कलेक्टर हाच जिल्हा निवडणूक अधिकारी होतो, खाली निवडणूक निर्णय अधिकारी, त्याच्या खाली केंद्राध्यक्ष. यात धोका उघड आहे, परवापर्यंत ज्या मंत्र्यापुढे उभा होता त्याच्याच पक्षाच्या तक्रारीवर आज कारवाई करायची आहे. त्यावर भारतातला उतारा म्हणजे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम २८अ, निवडणुकीच्या काळात हे अधिकारी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असं मानलं जातं, आयोगाच्या शिस्तीखाली येतात, आयोग बदली करू शकतो. हे एक कलम नसेल तर बाकी सगळं शोभेचं.

दुसरा रस्ता मेक्सिकोचा. तिथे केंद्रावरचे अधिकारी म्हणजे साधे नागरिक, जन्माचा महिना आणि आडनावाचं आद्याक्षर यावरून लॉटरी काढून निवडलेले आणि मग ट्रेनिंग दिलेले. शेजारीच शेजाऱ्यांची मतं मोजतात. ऐकायला गंमत वाटते, पण एवढ्या लाखो अनोळखी माणसांना आधीच विकत घेणं कोणत्याच पक्षाला जमणार नाही, त्यात हीच तर मेख आहे.

पायरी ५: मतदार यादी

इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट. भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी (१९५१-५२, सुमारे १७ कोटी मतदार) सुकुमार सेन मुख्य आयुक्त होते, आणि यादी बनवताना असं दिसलं की कितीतरी बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही, "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच. सेन म्हणाले नाव पाहिजे. साधारण २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. ओरडा झाला, निर्णय कडक होता, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या. मी यावर दोन्ही बाजूंनी विचार केलाय आणि अजून ठरवता येत नाही की त्या जागी मी काय केलं असतं.

क्रम असा ठेवा. घरोघरी जाऊन किंवा नागरी नोंदणीवरून कच्ची यादी, मग ती लोकांना बघायला खुली, हरकती आणि दावे घ्यायला ठरलेली मुदत, सुनावणी, पक्की यादी, आणि त्यानंतर पुरवणी. पक्षांना प्रती द्या. नाव वाढवताना ढिलाई चालेल एक वेळ, पण नाव कमी करताना नोटीस, कारण आणि सही या तीन गोष्टींशिवाय हात लावू देऊ नका, कारण चुकून जास्त राहिलेलं नाव केंद्रावर ओळखपत्र बघून अडवता येतं, चुकून गेलेलं नाव मतदानाच्या दिवशी परत आणता येत नाही. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी वर्षातून एकच तारीख ठेवली तर पोरं वर्षभर ताटकळतात, म्हणून भारताने आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्यात.

पायरी ६: कॅलेंडर उलटं मांडा

मतदानाचा दिवस भिंतीवर लावा आणि मागे मागे या. भारतातला हिशोब: अधिसूचना निघाली की सातव्या दिवशी अर्ज भरायची शेवटची तारीख, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघार संपते, आणि तिथून पुढे किमान चौदा दिवस गेल्याशिवाय मतदान नाही. हे चौदा दिवस प्रचाराचे म्हणून लोकांना माहीत असतात, पण आयोगासाठी ते छपाईचे आणि ट्रकचे दिवस. उमेदवारांची अंतिम नावं आल्याशिवाय मतपत्रिका छापता येत नाही आणि छापून झाली की ती कानाकोपऱ्यात पोचवायची, त्यामुळे कागद, शाई, सील, पाकिटं हे सगळं महिनोन्महिने आधी गोडाऊनमधे पाहिजे.

आणि पाकिटं म्हणताना मी थट्टा करत नाहीये. ऑस्ट्रियात २०१६ ची राष्ट्राध्यक्षपदाची शेवटची फेरी घटनात्मक कोर्टाने रद्द केली कारण टपाली मतांच्या मोजणीत नियम पाळले नव्हते, फेरमतदान २ ऑक्टोबरला ठरलं, आणि ते पण पुढे ढकलावं लागलं, ४ डिसेंबरपर्यंत. कारण काय, तर टपाली मताच्या पाकिटांचा गोंद सुटत होता! नायजेरियात २०१९ ला मतदान सुरू व्हायला काही तास उरले असताना आयोगाने आठवडाभर पुढे ढकललं, सामान पोचलं नव्हतं. लोक मत द्यायला आपापल्या गावी जाऊन बसलेले.

पायरी ७: मतदानाचा दिवस

केंद्रावरच्या माणसाला भाषण देऊन ट्रेनिंग होत नाही, हातात मशीन किंवा मतपेटी देऊन, सील लावायला लावून, फॉर्म भरायला लावून होतं. सकाळी पहिलं काम म्हणजे पेटी रिकामी आहे हे सगळ्यांना दाखवणं. घानाने १९९६ ला पारदर्शक मतपेट्या आणल्या, तो प्रश्नच मिटवला. भारतात मशीनवर पोलिंग एजंटांसमोर (म्हणजे केंद्रावर बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी) किमान पन्नास मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान होतं, मग ते पुसून मशीन सील होतं. त्यानंतर दिवसभर तेच ते, यादीत नाव, ओळख, रजिस्टरमधे सही, बोटाला शाई, आणि पडद्यामागे एकटा मतदार.

माणसांचा विचार करा पण. इंडोनेशियाने २०१९ ला राष्ट्राध्यक्षपदाची आणि सगळ्या कायदेमंडळांची निवडणूक एकाच दिवशी घेतली, बहुतेक ठिकाणी एका मतदाराला पाच मतपत्रिका, आणि मोजणी त्याच केंद्रावर हाताने, रात्रभर. काही शे कर्मचारी त्या दिवसांत आणि नंतर मरण पावले, थकवा आणि आधीचे आजार. पुढच्या वेळी, २०२४ ला, वयाची अट आणि तब्येतीची तपासणी आली. कर्मचाऱ्याला झोप, जेवण आणि बदली माणूस हे बजेटमधे पहिल्यापासून धरलं पाहिजे, उरलेल्या पैशातून नाही.

पायरी ८: मोजणी, आणि तो फॉर्म

इथे मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्या मते आयोग टिकतो किंवा पडतो तो इथेच.

केनियात २००७ ला केंद्रावरचे आकडे आणि राजधानीत जाहीर होणारे आकडे यांचा मेळ बसेना, निकाल घाईत जाहीर झाला, आणि नंतर आयोगाचे अध्यक्षच पत्रकारांना म्हणाले की कोण जिंकलं ते मला माहीत नाही. हिंसाचारात हजाराहून जास्त माणसं गेली. चौकशीला न्यायमूर्ती योहान क्रीग्लर आले, तेच ज्यांनी दक्षिण आफ्रिकेची १९९४ ची निवडणूक चालवली होती, आणि त्यांच्या अहवालाने सांगितलं की खरं कोण जिंकलं हे आता ठरवताच येणार नाही. आयोग बरखास्त झाला. २०१७ ला नवा आयोग, नवी यंत्रणा, तरी १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्द केली, निकाल पाठवण्याची पद्धत कायद्याप्रमाणे नव्हती म्हणून. मग २०२२ ला त्यांनी सोपी गोष्ट केली: ४६,२२९ केंद्रांपैकी जवळपास सगळ्यांच्या निकालपत्रकाचे फोटो सरळ पब्लिक वेबसाईटवर टाकले. ज्याला बेरीज करायचीय त्याने करा. वर सांगितलेले चार आयुक्त बाहेर गेले ते याच वेळी, पण कोर्टाने निकाल कायम ठेवला, कारण कागद सगळ्यांसमोर होता.

तर फॉर्म कसा असावा. एकच पान. केंद्रावर एकूण मतदार किती, मत किती जणांनी दिलं, पेटीतून किती निघाली, बाद किती, उमेदवारनिहाय किती, आणि बेरीज जुळते का. खाली केंद्राध्यक्ष आणि सगळ्या एजंटांच्या सह्या, प्रत्येक एजंटाला प्रत, एक प्रत दारावर चिकटवायची. भारतात मशीनमुळे मोजणी नंतर दुसरीकडे होते, पण किती मतं नोंदली गेली याचा हिशोब, फॉर्म १७क, त्याच संध्याकाळी एजंटांना द्यावा लागतो. आकडा चुकला तर काय करायचं ते पण लिहून द्या: एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सगळ्यांच्या सह्या. मलावीत २०१९ ला निकालपत्रकांवर व्हाईटनर लावलेला निघाला. फेब्रुवारी २०२० ला कोर्टाने निवडणूक रद्द केली, जूनमधे परत झाली आणि राष्ट्राध्यक्ष बदलला. पांढऱ्या रंगाखालचा आकडा कोणालाच सिद्ध करता येत नाही, खरा असला तरी.

पायरी ९: पक्षांशी बोलत राहा

पक्ष म्हणजे कटकट असं आयोगातल्या लोकांना वाटतं, आणि ते असतातच. पण घानात १९९२ ला विरोधकांनी संसदेच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला, आणि १९९४ पासून आयोगाने सगळ्या पक्षांची एक सल्लागार समिती चालू केली, महिन्यामहिन्याला बसायचं, यादी कशी करायची, पेट्या कशा, सगळं टेबलावर. मेक्सिकोत तर पक्षांचे प्रतिनिधी आयोगाच्या बैठकीतच बसतात, बोलता येतं, मत देता येत नाही. भारतातली आचारसंहिता पण मुळात १९६० ला केरळात पक्षांच्या संमतीतूनच सुरू झाली, तिच्यामागे वेगळा कायदा आजही नाही. बोलावून ऐकून घ्यायचं, इतिवृत्त लिहायचं, आणि निर्णय स्वतः घ्यायचा.

तक्रारींना मुदत बांधा. केनियात राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालाला सात दिवसांत आव्हान आणि चौदा दिवसांत निर्णय. भारतात हायकोर्टात याचिका करायला पंचेचाळीस दिवस, आणि निर्णय कधी कधी सभागृहाची मुदत संपत आल्यावर, त्याचा उपयोग तो काय.

पायरी १०: निकालानंतर

कोर्टाची मुदत संपेपर्यंत सगळा कागद कुलपात, कुठलं खोकं कुठे ठेवलं, कोणी उचललं, कोणी सही केली याच्या नोंदीसह. हे काम कंटाळवाणं असतं आणि सगळे घरी जायच्या घाईत असतात. ऑस्ट्रेलियाचा आयोग जगातल्या चांगल्या आयोगांत धरला जातो. २०१३ ला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सिनेट निवडणुकीत फेरमोजणी करायला घेतली तर १,३७० मतपत्रिका गायब. मोजणीतली एक निर्णायक पायरी अवघ्या चौदा मतांच्या फरकावर अडलेली. कोर्टाने निवडणूक रद्द केली, एप्रिल २०१४ ला सगळ्या राज्याने परत मतदान केलं, मुख्य आयुक्तांनी राजीनामा दिला, फेडरल पोलिसांच्या माजी प्रमुखांनी चौकशी केली. मतपत्रिका शेवटपर्यंत सापडल्या नाहीत.